धूर कमी करायचं ऑफिस

काही ऑफिसांत धूळ साठते, काहींत फायली. आमच्या ऑफिसात किस्से साठले! म्हणजे काम नव्हतं असं नाही हं. काम करायला गेलो की किस्सा व्हायचा, आणि तो निस्तरेपर्यंत पुढचं काम दारात उभं असायचं. आजही आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नकार्यात भेटलो की पंगत उठते, पण आम्ही काही उठत नाही. शेवटी मांडववाला येऊन म्हणतो, "ताई, तुमच्या बुडाखालची खुर्ची तेवढी ऱ्हायलीय बघा टेम्पोत टाकायची!"

ऑफिसचं पूर्ण नाव होतं 'पर्यावरणपूरक वाहतूक नियोजन कक्ष'. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांना मिळून एकच. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कारखाने आले, ट्रक वाढले, घरटी एक मोटारसायकल दिसायला लागली. तेव्हा वरती कुणाच्या तरी मनात आलं, की मोठ्या शहरांचं झालं ते झालं, तालुक्यांचं तरी वेळेत नियोजन करावं. म्हणून आम्हाला एक खोली, एक जुनी जीप आणि दीड पंखा मिळाला. दीड अशासाठी, की दुसरा नुसता फिरायचा, वारा द्यायचा नाही.

माणसं चार. सबनीस साहेब पुण्याचे. त्यांचं हॉलंडमध्ये ट्रेनिंग झालं होतं, त्यामुळे त्यांचं दर दुसरं वाक्य "हॉलंडमध्ये ना..." असं सुरू व्हायचं. माणूस अतिशय प्रामाणिक. तोच तर प्रॉब्लेम होता! ज्युनिअर इंजिनिअर गव्हाणे. साहेबांनी काहीही म्हटलं की हे म्हणणार, "करून टाकू सर!" जीपचे ड्रायव्हर बबनमामा, निमोण्याचे. आणि मी, नकाशे काढणारी. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, गार्डाची मुलगी.

कक्षाचं लांबलचक नाव लोकांना कशाला झेपतंय? सगळे 'धूर कमी करायचं ऑफिस' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात एक बाई डोळे पुसत आल्या. "व्हय ओ, धूर कमी करत्यात त्ये तुम्हीच का? मग माझ्या चुलीचं बघा की! सून माहेरी जाऊन बसलीय त्या धुरापायी."

साहेब म्हणाले, "आजी, हे आमच्या कार्यकक्षेत येत नाही."

पण गव्हाणे सवयीनं बोलून बसले होते, "करून टाकू!" मग जाऊन त्यांनी स्वतः धुराड्याचं नळकांडं बसवलं. सून परत आली. त्या वर्षी आमच्या कक्षाचं पूर्ण झालेलं काम म्हणजे तेवढंच!

* * *

आमची पहिली जनजागृती सभा केंदूरला होती. देवळासमोर सतरंज्या टाकलेल्या, माणसं चांगली जमलेली. साहेबांनी रात्र जागून भाषण लिहिलं होतं. पण ऐन वेळी वीज गेली.

बबनमामा म्हणाले, "माईक जीपच्या बॅटरीवर लावू, सायेब. फकस्त इंजिन चालू ठेवावं लागंल. बॅटरी म्हातारी हाय."

जीप सतरंजीच्या कडेला लावली. साहेब बोलायला लागले. "मित्रहो, धूर हा आपला अदृश्य शत्रू आहे..." तो शत्रू अजिबात अदृश्य नव्हता! जीपच्या मागच्या नळीतून काळाभोर लोट निघत होता आणि वारा नेमका सभेकडं. आधी पुढची रांग खोकली, मग मधली. 'फुप्फुसांवर होणारे परिणाम' या मुद्द्यापर्यंत साहेब स्वतःच धुरात दिसेनासे झाले. नुसता आवाज येत होता, मध्ये मध्ये ठसका.

भाषण संपलं. आभार मानायला सरपंच उठले. पिकल्या मिशांचे, मोठे बागायतदार. डोळ्याला उपरण्याचं टोक लावून म्हणाले, "आजवर लई सभा ऐकल्या. पर ज्याच्यावर बोलायचं त्ये सामान संगं आणून दावणारं हे पयलंच सायेब!"

परतीच्या वाटेवर साहेब शिरूरपर्यंत चष्म्यावरची काजळी पुसत होते. तिथं पोचल्यावर म्हणाले, "मामा, हॉलंडमध्ये ना, अशी जीप म्युझियममध्ये ठेवतात."

मामा म्हणाले, "ठिवा की. पर तिथवर ढकलावी लागंल."

* * *

मग सायकल दिन आला. सगळ्या स्टाफनं सायकलवरून यायचं, असं फर्मान निघालं. शाळेची मुलं मैदानाच्या कडेनं उभी, हातात झेंडे. साहेबांना घरून सायकल आणणं शक्य नव्हतं, म्हणून गव्हाण्यांनी दूधवाल्याची मिळवली. उंच, दणकट, दोन्ही बाजूंना किटल्यांचे हूक.

साहेबांना ओट्यावरून चढवलं. साहेब निघाले. एक चक्कर झाली, टाळ्या पडल्या. दुसरी झाली, पुन्हा टाळ्या. तिसरीला माझ्या लक्षात आलं, की साहेबांचा चेहरा काही टाळ्या घेणाऱ्या माणसाचा नाही.

त्या सायकलीला ब्रेकच नव्हते! दूधवाला चप्पल घासून थांबवायचा. साहेबांच्या पायात पॉलिशचे बूट, आणि जमीन त्यांच्या बुटापासून चांगली हातभर खाली.

साहेब ओरडले, "थांबवा!"

मुलांना वाटलं, घोषणा आहे. सगळी एका सुरात ओरडली, "धूर थांबवा!"

"अहो, थांबवा!"

"धूर थांबवा!"

"गव्हाणे, थांबवा हो मला!"

गव्हाणे मागं धावताहेत, "करून टाकू सर! करून टाकू!" आणि मुलांना तर असला चेव चढलेला, की मास्तरांचंही ऐकेनात. शेवटी बबनमामांनी कडब्याच्या गंजीकडं हात केला, "सायेब, तिकडं घ्या! मऊ हाय!" साहेब सायकलीसकट गंजीत शिरले. आम्ही पायाला धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली, फोटोसकट: 'सायकलप्रेमी अधिकारी खाली उतरायलाच तयार नव्हते!'

* * *

छोटा किस्सा. शिरूरच्या बाजारात आम्ही झेब्रा क्रॉसिंग आखलं. त्या भागात ते नवंच होतं. पांढरेशुभ्र पट्टे! साहेब कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. जाऊन पाहतो तर प्रत्येक पट्ट्यावर एक बाई बसलेली! मेथी, वांगी, मिरच्या, लिंबं. पट्टा सोडून कुणाचं पान बाहेर नाही, इतकी शिस्त. लोकांना वाटलं, ऑफिसनं बसायला जागा आखून दिल्यात. कडेच्या पट्ट्यावरची मावशी तर आम्हालाच भांडायला उठली, "माझाच पट्टा अरुंद का वो?"

साहेब हात जोडून म्हणाले, "मावशी, हे बसायला नाही हो. हे चालण्यासाठी आहे, चालण्यासाठी!"

मावशी खूश झाल्या. "चालतंय की सायेब! सकाळपास्नं लई चालतंय!"

* * *

आता निमोण्याच्या ट्रॅफिकचा किस्सा. कुठल्या रस्त्यावर किती वाहतूक आहे ते कळल्याशिवाय नियोजन कसलं करणार? त्यासाठी एक यंत्र आलं होतं. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायची, कडेला लोखंडी डबा. नळीवरून चाक गेलं की डब्यात आकडा पुढं सरकतो, आणि कधी किती चाकं गेली ते आत कागदावर उमटत राहतं. निमोण्याच्या फाट्यावर गव्हाण्यांनी ते बसवलं. काही दिवसांनी बबनमामांचा भाचा डब्यातला कागद काढून घेऊन आला.

साहेब कागद बघून उडालेच. "मॅडम, हे बघा! पहाटे प्रचंड वर्दळ. मग दिवसभर शांत. संध्याकाळी पुन्हा प्रचंड! हा तर शहरासारखा पीक अवर आहे!"

मी त्याचा सुंदर रंगीत आलेख काढला. साहेबांनी तो पुण्याच्या मीटिंगमध्ये दाखवला. ग्रामीण भागात एवढा ठळक पीक अवर कुणी पाहिलाच नव्हता. वरच्या साहेबांनी जाहीर केलं, "हा पीक अवर मी स्वतः बघायला येणार."

आदल्या दिवशी आम्ही पहाटे फाट्यावर जाऊन उभे राहिलो. थंडी मरणाची. बराच वेळ गेला. एक कुत्रं आलं, आमच्याकडं बघून निघून गेलं.

मग गव्हाणे म्हणाले, "सर, नळी कुठाय?"

नळी नव्हती. डबाही नव्हता! मामा भाच्याला उठवून घेऊन आले. भाचा डोळे चोळत म्हणाला, "नळी व्हय? ती आप्पांच्यात हाय. म्या कागद तिथनंच आणला की!"

आप्पा म्हणजे फाट्यालगतचे शेतकरी; गेलो त्यांच्या वस्तीवर. आप्पांच्या गोठ्याच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, आमची नळी आडवी पसरलेली आणि शेजारी डबा!

आप्पा शांतपणे म्हणाले, "रस्त्यावर पडली व्हती. कुणाची तरी इसारली आसंल म्हणून आणून ठिवली. गोठ्याचं पाणी घरात यायचं, त्ये आडतंय आता. डबा जड हाय, त्यामुळं नळी हालत न्हाई. चांगली वस्तू हाय!"

तेवढ्यात धारेची वेळ झाली. आप्पांच्या म्हशी अंगणातून एकामागून एक नळीवरून आत शिरल्या. खट. खट. खट. मागोमाग काकू बादली घेऊन आत गेल्या, बाहेर आल्या, पेंड विसरली म्हणून परत आत गेल्या. खट. खट. खट.

साहेब त्या डब्याकडं बघतच राहिले. हळूच म्हणाले, "पीक अवर..."

काय चाललंय ते आप्पांना आता उमगलं. त्यांना साहेबांची दया आली असावी. म्हणाले, "सायेब, समद्या म्हशी धरू नका. त्यातली निम्मी ट्रॅफिक माझ्या बायकूची हाय!"

* * *

साहेबांचा दुसरा लाडका विषय म्हणजे एका गाडीत जास्त माणसं. चार माणसांनी चार गाड्या नेण्यापेक्षा एकीतून जावं, इंधन वाचेल, धूर वाचेल. बरोबरच आहे. पण हे पटवायला साहेबांनी निवडले कोण? गाडी खच्चून भरल्याशिवाय न हलणारे वडापचे जीपवाले!

स्टँडवर सगळे ड्रायव्हर गोळा केले. साहेबांनी समजावलं, "एका गाडीत निदान चार माणसं तरी बसवा."

ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक धीर करून म्हणाला, "सायेब, चारच? मग बाकीच्यांनी काय टपावर बसायचं? तिथं आधीच बसल्यात!"

साहेबांना हे खरं वाटेना. म्हणाले, "मी स्वतः अनुभव घेतो." आणि एका जीपमध्ये शिरले. शिरले म्हणजे घुसवले गेले. मी मागच्या बाजूला, एका आजींच्या मांडीवर. आजींच्या दुसऱ्या मांडीवर कोंबडी. साहेब पुढच्या सीटवर नेमके कुठं होते ते दिसत नव्हतं, फक्त चष्मा चमकत होता.

गाडी सुसाट निघाली. वळणावर साहेबांचा घाबरा आवाज आला, "अहो, जरा हळू! ड्रायव्हर कोण आहे? कुठं आहे ड्रायव्हर?"

खालून कुणीतरी दबलेल्या आवाजात म्हणालं, "सायेब, तुम्ही ज्याच्या मांडीवर बसलाय ना, त्योच!"

* * *

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी वरून पत्रं यायला लागली होती. कक्षाचा उपयोग काय? बंद का करू नये? साहेब रात्री घरी जायचे नाहीत, नकाशांवर वाकून बसायचे. मलाही वाईट वाटायचं. कारण माणूस चुकीचं काहीच सांगत नव्हता. शेवटी त्यांनी सगळा जीव एका योजनेत ओतला. दौंड स्टेशनवर हिरव्या सायकली!

दौंडहून पुण्याला रोज जा-ये करणारे पुष्कळ. स्टेशनला यायचं तर रिक्षा किंवा मोटारसायकल. साहेबांची कल्पना अशी, की सायकली हिरव्या रंगवायच्या, स्टेशनबाहेर फुकट स्टँड करायचं. कुणीही घ्यावी, काम झालं की आणून लावावी. कुलूप नाही, नोंद नाही, पैसे नाहीत. "हॉलंडमध्ये ना, माणसांवर विश्वास ठेवतात."

बबनमामा म्हणाले, "सायेब, ह्ये दौंड हाय."

सकाळी सायकली लावल्या. संध्याकाळच्या पुणे गाडीची माणसं उतरली. स्टँड रिकामं! एक सायकल शिल्लक नाही. साहेब त्या रिकाम्या स्टँडच्या लोखंडी दांडीला धरून बराच वेळ उभे होते. आणि मुंबईहून तपासणी समिती आठवड्याभरात यायची होती. तिचा शेरा पडला की कक्ष राहणार किंवा जाणार.

समिती आली त्या दिवशी आम्ही मान खाली घालून स्टेशनवर गेलो. आणि बघतो तर काय! स्टँडवर हिरव्या सायकली. नुसत्या हिरव्यागार! स्टँड भरून, भिंतीला टेकून, झाडाला टेकून, चहाच्या गाडीपर्यंत! एकीला दुधाच्या किटल्या, एकीला लहान पोराची सीट, एक लेडीज, एकीला तर लिंबू-मिरची बांधलेली.

समितीतल्या एका बाईंनी एका सायकलीवर हात ठेवला. हात हिरवा झाला. रंग ओला होता!

तेवढ्यात माझे स्वतःचे वडील, रिटायर्ड गार्ड, त्यांच्या जुन्या सायकलवरून आले. सायकल हिरवी! मी कपाळाला हात लावला. "नाना, हे काय?"

"अगं, हिरवी असली की फुकट लावू देतात," ते कानात म्हणाले. "सगळी कॉलनी रंगवतीय. हार्डवेअरवाल्याकडं हिरवा रंग शिल्लक नाही!"

आमच्या मूळच्या सायकलीही त्यातच होत्या. लोक रात्री घरी नेत होते, सकाळच्या गाडीला परत आणून लावत होते. पहिल्या रात्री साहेब घाबरून गेले, सकाळ होईपर्यंत थांबलेच नव्हते आणि नंतर तिकडं फिरकलेच नव्हते!

समितीच्या प्रमुखांनी चष्मा सारखा केला. "किती सायकली दिल्या होत्या तुम्ही?"

साहेब प्रामाणिक. "यापेक्षा बऱ्याच कमी."

"कमी? मग वाढल्या कशा?"

साहेबांनी गव्हाण्यांकडं बघितलं. गव्हाण्यांनी माझ्याकडं. मागून बबनमामा म्हणाले, "चारापाणी बरं आसलं की वाढत्यातच, सायेब!"

प्रमुख असे हसले, की त्यांना चहाच्या गाडीला धरावं लागलं. कक्ष राहिला. आणि साहेबांनी, मी शपथेवर सांगते, त्या दिवसभरात एकदाही हॉलंडचं नाव घेतलं नाही.

* * *

आणि आता बॅटरीच्या गाडीचा किस्सा सांगते.

चाचणीसाठी एक बॅटरीवर चालणारी छोटी व्हॅन आली होती. धूर नाही, आवाज नाही. भीमाकाठच्या एका गावातून दौंड स्टेशनपर्यंत तिनं माणसं न्यायची. प्रतिसाद दिसला तर गाडी राहणार, नाही तर परत जाणार. अडचण एकच. आवाजच नसल्यानं गाडी आलेली कुणाला कळायचं नाही! रस्त्यातली माणसं, कुत्री, कोंबड्या, कुणी हलेचना. हॉर्न होता, पण तो मच्छर गुणगुणल्यासारखा. मग बबनमामांनी बाजारातून एक पितळी घंटा आणली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला टांगली. गाडी निघाली की टण टण टण!

उद्घाटनाला एक पुढारी बोलावले होते. त्यांनी गावात गाडीत बसायचं आणि दौंडच्या चौकात, मांडवासमोर उतरायचं. मांडवात साहेब आणि माईकवर गव्हाणे. गाडीत मामा, पाहुणे आणि मागच्या सीटवर हार सांभाळत मी.

गावात पोचलो तर माणूसच नाही! दाट लग्नतीथ होती, सगळं गाव वऱ्हाडात. पाहुण्यांचा चेहरा पडला. "गर्दी कुठाय? मला काय एकट्याला फिरवायला आणलंय?" रिकामी गाडी चौकात पोचली, की ती तशीच परत जाणार होती.

निघालो. टण टण टण. माळावरचा कच्चा रस्ता. थोडं पुढं गेलो आणि मागं कसला तरी गलका व्हायला लागला. मागच्या काचेवर योजनेचा बॅनर चिकटवलेला, त्यामुळं मला काही दिसेना. पाहुण्यांनी बाहेरच्या आरशात बघितलं. धुळीचा मोठा लोट! नुसती धूळ, आणि तिच्यामागं वाढत चाललेला गलका.

पाहुण्यांची कळी खुलली. "आले म्हणायचं लोक!" त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागं हलवायला सुरुवात केली. मला म्हणाले, "हार द्या इकडं, घालूनच उतरतो." मामांना म्हणाले, "जरा हळू घ्या. बिचारे पळताहेत."

मामांनी आरशात बघितलं. त्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी एकदम तोंड घट्ट मिटून घेतलं आणि गाडी हळू केली.

चौक आला. लांबूनच गव्हाण्यांचा आवाज, "बघा, बघा मंडळी! पाहुण्यांच्या मागं केवढा हा अफाट जनसागर! बँडवाले, वाजवा!" बँड सुरू झाला. साहेब मांडवातून पुढं धावले, डोळ्यांत पाणी. पाहुणे गळ्यात हार घालून रुबाबात उतरले, हात जोडले आणि जनसागराकडं वळले.

मेंढरं!

चौक भरून मेंढरं. गाडीला खेटून, मांडवात, खुर्च्यांखाली, बँडवाल्यांच्या पायांत. बँड एकेक वाद्य करत बंद पडला. शेवटी सनई तेवढी जरा वेळ चालली, मग तीही गप्प झाली. पाहुण्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

गर्दीतून वाट काढत एक धनगर आबा आले. खांद्यावर घोंगडी, घामाघूम, धापा टाकताहेत.

पाहुणे मुरलेले होते. त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "या आबा, या! तुम्ही एवढं आमच्या मागं कसं काय आलात?"

आबांनी आधी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. गाडीकडं बघितलं, तिच्या घंटेकडं बघितलं, मग पाहुण्यांच्या गळ्यातल्या हाराकडं.

"म्या कुठं आलो? मेंढरं आली. त्यास्नी काय, घंटा वाजली की चालली मागं. फुडं कोण हाय, कुठं बघत्यात!"